रात्री दहानंतरचा ब्रेकर : आपली झोप, आपले कान आणि आपला अर्ज

खान्देशातले मोठे रस्ते गेली कित्येक वर्षे कामाखाली आहेत. सुरत-नागपूर महामार्ग (जुना क्रमांक ६, आताचा ५३) जळगाव शहराच्या पोटातून जातो. धुळ्याजवळ तो मुंबई-आग्रा महामार्गाला छेदतो, आणि सोलापूरकडे जाणारा महामार्गही तिथूनच फुटतो. ३१ जुलैला लळिंगच्या लांडोर बंगल्याकडे जाताना आपण याच मुंबई-आग्रा रस्त्याने जातो. चौपदरीकरण, उड्डाणपूल, भुयारी मार्ग, बाह्यवळण, सर्व्हिस रोड असे एक काम संपले की दुसरे सुरू होते. यातले बरेचसे काम रात्री चालते.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. रस्ता नको, पूल नको, असे या लेखाचे म्हणणे नाही. जळगावच्या महामार्गावर शाळकरी मुले, सायकलवाले, कामाला जाणाऱ्या बाया यांचे जीव गेले आहेत. समांतर रस्त्यांसाठी जळगावकरांनी आंदोलने केली, त्यात आपले लोकही होते. चौफुलीवर पूल झाला तर त्याचा पहिला फायदा पायी चालणाऱ्यालाच होतो. प्रश्न एवढाच आहे की पूल होईपर्यंतच्या शेकडो रात्री कोणाच्या उशाशी जातात. सिद्धार्थनगर असो की पंचशीलनगर, आपल्या वस्त्या बहुतेक ठिकाणी हमरस्त्याच्या किंवा नाल्याच्या कडेला आहेत. भिंत अर्ध्या विटेची, वर पत्रे. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर गेला की पत्र्याखाली कोणी झोपू शकत नाही, खाटा बाहेर ओट्यावर येतात. मग ब्रेकरचा आवाज आणि माणसाचा कान यांच्यामध्ये काहीच उरत नाही.

झोपेत कान बंद होत नाहीत

डोळ्याला पापणी आहे, कानाला नाही. माणूस गाढ झोपेत असतानाही कानात शिरलेला आवाज मेंदूपर्यंत पोचतो. मेंदू त्याला धोका समजतो आणि शरीराला सावध करतो. ॲड्रेनालिन आणि कॉर्टिसोल ही संप्रेरके रक्तात येतात, नाडी वाढते, रक्तदाब चढतो. यासाठी जाग यावीच लागते असे नाही. सकाळी तो माणूस सांगतो, "मला सवय झाली, मला काही ऐकूच येत नाही." सवय मनाला होते. हृदयाला तेवढी होत नाही. वर्षानुवर्षे रात्रीचा आवाज सहन करणाऱ्यांमध्ये उच्च रक्तदाब आणि हृदयविकाराचे प्रमाण वाढते, हे अनेक देशांतल्या अभ्यासांतून दिसले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ साली हिशेब मांडला की एकट्या पश्चिम युरोपात पर्यावरणातील आवाजामुळे दरवर्षी निरोगी आयुष्याची किमान दहा लाख वर्षे वाया जातात. त्यात सर्वात मोठा वाटा झोपमोडीचा होता.

याच संघटनेने २००९ साली रात्रीच्या आवाजाविषयी सांगितले की घराबाहेर रात्रभराची सरासरी ४० डेसिबलच्या आत असावी, आणि ५५ च्या वर गेली तर ती सार्वजनिक आरोग्याला धोक्याची समजावी. झोपण्याच्या खोलीत एखादा सुटा आवाज ४५ डेसिबलपेक्षा मोठा झाला तर झोप विस्कटू लागते.

मुलांचे वेगळे सांगायला हवे, कारण आपल्या घरात शिक्षणाला जे स्थान आहे ते दुसऱ्या कशालाच नाही. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला नऊ ते बारा तास झोप लागते आणि दहावी-बारावीच्या मुलाला आठ ते दहा तास. दिवसभर वाचलेले डोक्यात पक्के बसते ते झोपेत. वाढीचे संप्रेरकही मुख्यतः गाढ झोपेतच स्रवते. न्यूयॉर्कमध्ये एका शाळेच्या अगदी शेजारून उंच पुलावरची रेल्वे जात असे. १९७५ साली तिथे असे आढळले की रुळाकडच्या वर्गांतली मुले शांत बाजूच्या मुलांपेक्षा वाचनात मागे होती, आणि वरच्या इयत्तेत हा फरक जवळजवळ एका वर्षाचा होता. शाळा एकच होती. पुढे रुळाखाली रबराचे पट्टे बसवले, वर्गांच्या छताला आवाज शोषणाऱ्या फरशा लावल्या. १९८१ च्या पाहणीत तो फरक उरला नव्हता. जर्मनीत म्युनिकचा विमानतळ १९९२ साली हलवला गेला तेव्हाही तसेच दिसले. जुन्या विमानतळाजवळच्या मुलांची स्मरणशक्ती आणि वाचन सुधारले, नव्या विमानतळाजवळच्या मुलांचे घसरले. "आमचा पोरगा अभ्यासात मागे पडला" असे म्हणून त्याला बोलण्याआधी रात्री त्याच्या उशाशी काय वाजते ते एकदा पाहावे.

डेसिबलचे गणित

डेसिबलची मोजणी किलोसारखी सरळ नसते. आवाज १० डेसिबलने वाढला म्हणजे त्यातली ऊर्जा दहापट झाली आणि कानाला तो साधारण दुप्पट मोठा वाटतो. म्हणून ४५ आणि ६५ यांत "फक्त वीसचा" फरक नसतो, ऊर्जेच्या हिशेबाने तो शंभरपट असतो.

अमेरिकेच्या महामार्ग खात्याने बांधकामाच्या यंत्रांचे आवाज १५ मीटरवरून मोजून तक्ता केला आहे. त्यात पोकलेनला लावलेला दगडफोड्या ब्रेकर साधारण ९० डेसिबलचा आहे, हातातला ब्रेकर ८५ ते ८९, पाइल ठोकणारा हातोडा ९५ ते १००. भोक पाडून पाइल करणारे यंत्र मात्र ८४ च्या आसपास. ठोकणे आणि भोक पाडणे यात किती फरक पडतो हे लक्षात ठेवा, पुढे अर्जात ते उपयोगी पडेल.

मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. म्हणजे १५ मीटरवर ९० असणारा ब्रेकर ३० मीटरवर ८४, ६० वर ७८, १२० वर ७२ आणि २४० मीटरवर ६६. पाव किलोमीटर दूर असलेल्या ओट्यावर झोपलेल्या आजीच्या कानापर्यंत तो ६६ डेसिबलने येतो. मध्ये इमारती असल्या तर कमी होईल, पण आपल्या वस्तीच्या आणि महामार्गाच्या मध्ये सहसा काही नसते.

आणखी एक आवाज लोकांना सर्वात जास्त छळतो, तो म्हणजे हायवा आणि डंपर मागे घेतानाची "टीं-टीं". एकाच पट्टीतला, तीक्ष्ण, थांबून थांबून येणारा. मोठ्या पण एकसुरी आवाजापेक्षा असा तुटक आवाज झोप जास्त मोडतो, कारण मेंदूला त्याची लयच सापडत नाही.

कायदा काय म्हणतो

ध्वनी प्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम २००० साली आले. ते पर्यावरण संरक्षण अधिनियम १९८६ खालचे आहेत. या नियमांत दिवस म्हणजे सकाळी ६ ते रात्री १०, आणि रात्र म्हणजे १० ते ६. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. रुग्णालय, शाळा-महाविद्यालय, न्यायालय यांच्या भोवतीच्या १०० मीटरच्या शांतता क्षेत्रात दिवसा ५० आणि रात्री ४०.

इथवर बहुतेकांना ठाऊक असते. पुढचे फार थोड्यांना माहीत आहे. जानेवारी २०१० मध्ये केंद्र सरकारने या नियमांत दुरुस्ती करून ५-अ हा नियम घातला. त्यात निवासी भागात रात्री हॉर्न वाजवू नये असे आहे, रात्री आवाजाचे फटाके फोडू नयेत असे आहे, आणि तिसऱ्या पोटनियमात असे आहे की आवाज करणारी बांधकामाची यंत्रे रात्रीच्या वेळी निवासी भागात आणि शांतता क्षेत्रात वापरू नयेत. हा नियम डेसिबल विचारत नाही. यंत्र आवाज करणारे आहे, भाग निवासी आहे आणि वेळ दहा ते सहामधली आहे, एवढे पुरे.

याचा व्यवहारात मोठा उपयोग आहे. तक्रार घेऊन गेले की पहिले उत्तर मिळते, "आमच्याकडे मीटर नाही." दुसरे उत्तर मिळते, "महामार्गाचा आवाज आधीपासूनच आहे, यंत्राने काय फरक पडतो?" पण नियम ७ प्रमाणे मर्यादेपेक्षा १० डेसिबल जास्त आवाज झाला तर तक्रार करता येते, किंवा रात्रीच्या निर्बंधाचा भंग झाला तरी करता येते. दुसऱ्या कारणाला मीटर लागत नाही. आणि नियम ८ प्रमाणे सक्षम अधिकारी पोलीस ठाण्याच्या अहवालावरून किंवा तक्रारदाराने दिलेल्या माहितीवरून लेखी आदेश काढून तो आवाज थांबवू शकतो किंवा त्यावर अटी घालू शकतो. जिल्हादंडाधिकारी, म्हणजेच जिल्हाधिकारी, हे असे अधिकारी आहेत. राज्य सरकारने नेमलेले पोलीस उपअधीक्षक किंवा त्यावरचे अधिकारीही असू शकतात.

इथे थोडे आपल्याविषयीही बोलले पाहिजे. याच नियमांत ध्वनिक्षेपकासाठी वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस रात्री दहाऐवजी बारापर्यंत सवलत देण्याची तरतूद आहे. बहुतेक जिल्ह्यांच्या यादीत १४ एप्रिल असतो. त्या दिवशी बारापर्यंत वाजवणे कायद्यात बसते. पण १३ तारखेला रात्री एकपर्यंत डीजेच्या भिंती वाजवायच्या आणि १६ तारखेला ठेकेदाराच्या ब्रेकरविरुद्ध सह्या गोळा करायच्या, हे जमणार नाही. ठेकेदाराचा वकील पहिला व्हिडिओ आपल्या मिरवणुकीचा दाखवेल. आणि डीजेसमोर उभ्या राहणाऱ्या आपल्या पोराच्या कानाचे नुकसानही खरेच असते.

"आमच्याकडे परवानगी आहे"

कामावरचा सुपरवायझर हे हमखास सांगतो. त्याच्याकडे कागदही असतो. तो वाचून घ्यावा. बहुतेक वेळा ती वाहतूक वळवण्याची अधिसूचना असते : अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत रात्री या वेळेत वाहने या मार्गाने वळवली जातील. ती मोटार वाहन कायद्याखालची असते. रस्ता बंद ठेवायची परवानगी आणि आवाज करायची परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सण-उत्सवाच्या ध्वनिक्षेपकासाठी नियमांत पंधरा दिवसांची सवलत आहे, तशी सवलत बांधकामाच्या यंत्रांसाठी नियमांत लिहिलेली नाही.

मग रात्रीचे काम कधीच होऊ नये काय? याचा निवाडा मुंबईत झाला आहे. कुलाबा-वांद्रे-सीप्झ या मेट्रो ३ चे काम दक्षिण मुंबईत रात्रंदिवस चालू होते. कफ परेडच्या रहिवाशाने उच्च न्यायालयात दाद मागितली. ऑगस्ट २०१७ मध्ये न्यायालयाने तिथे रात्री १० ते सकाळी ६ काम करायला मनाई केली. मेट्रोवाल्यांनी प्रकल्प रखडतो, खर्च वाढतो असे पुन्हा पुन्हा मांडले. पुढे २०१८ साली न्यायालयाने अटी घालून रात्रीच्या कामाला वाट दिली. दोन्ही टप्पे लक्षात ठेवण्यासारखे आहेत. सार्वजनिक प्रकल्प आहे म्हणून रहिवाशाची झोप आपोआप रद्द होत नाही, हे पहिल्यातून दिसले. आणि प्रकल्प पूर्ण व्हायचा तर शेवटी अटींवर यावे लागते, हे दुसऱ्यातून. कफ परेड सधनांची वस्ती आहे, त्यांना वकील मिळाला. नियम मात्र तोच आहे, पत्र्याच्या घराला वेगळा नाही.

अमेरिकेत सिॲटलसारख्या शहरात महामार्ग खात्याला रात्री आवाजाचे काम करायचे असेल तर शहराकडे आधी तशी वेगळी परवानगी मागावी लागते. कोणते यंत्र, कोणत्या रात्री, किती आवाज, हे लिहून द्यावे लागते, आणि परवानगीसोबत अटी येतात. रहिवाशांना रात्री फोन करता येईल असा क्रमांक ठेवणे ही त्यातली नेहमीची अट. सरकारी खाते दुसऱ्या सरकारी खात्याकडे लोकांच्या झोपेसाठी अर्ज करते, ही कल्पना आपल्याकडे नवी वाटते. पण जिल्हाधिकाऱ्यांना नियम ८ खाली अटी घालता येतात, तेव्हा तिथवर पोचण्याचा रस्ता आपल्यालाही आहे.

काय मागावे

माझे मत असे की "रात्रीचे काम पूर्ण बंद करा" एवढीच एक ओळ लिहिली तर हाती काही लागत नाही. अभियंता म्हणतो, ते शक्य नाही, आणि बोलणे तिथेच संपते. काही कामे खरोखर रात्रीच करावी लागतात. वाहत्या महामार्गावर पुलाचा गर्डर चढवायचा तर वाहतूक थांबवावी लागते, ते दिवसा होत नाही. मोठ्या स्लॅबचे काँक्रीट एकदा सुरू झाले की मध्ये सोडता येत नाही. खान्देशाच्या मे महिन्यात भर उन्हात टाकलेले काँक्रीट लवकर आवळते आणि तडकते, म्हणून संध्याकाळनंतर टाकतात. हे मान्य करावे.

पण जुना डांबरी रस्ता किंवा काँक्रीट ब्रेकरने फोडणे, पाइल ठोकणे, सळ्या कापणे, ट्रकमधून सळ्या आणि प्लेटा धडाधड खाली टाकणे, राडारोडा हायवात भरणे या कामांना रात्रीचे काहीच कारण नसते. रात्री ट्रॅफिक कमी असते आणि ऊन नसते म्हणून ती सोयीने तिकडे ढकलली जातात. अर्जाचा सगळा जोर इथे द्यावा. जे रात्री करणे भाग आहे ते कोणत्या तारखांना होणार ते तीन दिवस आधी विहाराच्या फलकावर लावा, आणि जे भाग नाही ते दिवसा करा. सलग दोन रात्रींपेक्षा जास्त आवाजाचे काम नको. फेब्रुवारी-मार्चमध्ये बारावी-दहावीच्या परीक्षांच्या दिवसांत तर मुळीच नको. जनरेटर आवरणात हवा. एक हजार केव्हीएपर्यंतच्या डिझेल जनरेटरला आवरणापासून एक मीटरवर ७५ डेसिबलची मर्यादा आहेच. वस्तीच्या बाजूने पत्र्याचे नुसते कुंपण नको, आतून आवाज शोषणारे अस्तर असलेला पडदा हवा. ठोकण्याऐवजी भोक पाडून पाइल करा. डंपर मागे घ्यायला माणूस उभा करा, किंवा "टीं-टीं"ऐवजी फसफसणारा रुंद पट्टीचा भोंगा बसवा. तो मागे उभ्या माणसाला नीट ऐकू येतो, पण दूर वस्तीत कमी पोचतो. आणि रात्री फोन उचलणारा एक जबाबदार माणूस नेमा.

अर्ज असा लिहिता येईल :

"मा. जिल्हाधिकारी तथा जिल्हादंडाधिकारी, जळगाव (किंवा धुळे) यांस. विषय : रात्री १० ते ६ या वेळेत निवासी भागात बांधकामाची यंत्रे वापरली जात असल्याबाबत. महोदय, आम्ही अमुक नगरातील खाली सह्या करणारे रहिवासी आहोत. आमच्या वस्तीपासून सुमारे इतक्या मीटरवर महामार्गाच्या पुलाचे काम सुरू आहे. दि. … ते दि. … या काळात सोबतच्या नोंदीप्रमाणे रात्री ब्रेकर व इतर यंत्रे चालवली गेली. ध्वनी प्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम २००० मधील नियम ५-अ (३) नुसार यास मनाई आहे. वस्तीत इतकी लहान मुले, इतके परीक्षार्थी, इतके वृद्ध व रक्तदाब-हृदयविकाराचे रुग्ण आहेत. पुलाच्या कामास आमचा विरोध नाही. नियम ७ व ८ अन्वये चौकशी करून रात्रीचे आवाजाचे काम थांबवावे, आणि जे काम रात्री करणे अपरिहार्य आहे त्यासाठी पुढील अटी लेखी आदेशाने घालाव्यात, ही विनंती."

खाली अटी, सह्या आणि तारीख. प्रती चार ठिकाणी द्याव्यात : आपले पोलीस ठाणे, महापालिका आयुक्त, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचे जळगावचे उपप्रादेशिक कार्यालय, आणि भारतीय राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचे प्रकल्प संचालक. काम सार्वजनिक बांधकाम विभागाचे असेल तर कार्यकारी अभियंता. कोणाचे काम आहे ते जागेवरच्या फलकावर लिहिलेले असते. प्रत्येक ठिकाणी पोच घ्या. पोचेशिवाय दिलेला अर्ज म्हणजे दिलाच नाही.

नोंदीसाठी साधी शंभर पानी वही पुरते. तारीख, सुरू झाल्याची वेळ, थांबल्याची वेळ, कोणते यंत्र, कोणाच्या घरातून ऐकू आले. सात रात्री ओळीने लिहा. मोबाइलवर अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ घ्या, त्यात यंत्र आणि घड्याळ दोन्ही दिसू द्या. आवाज मोजायचे मोबाइल ॲप अंदाजासाठी ठीक आहे, पण त्याचा आकडा पुरावा म्हणून ठासून सांगू नका, फोनागणिक तो बदलतो. रात्री काम सुरू असतानाच ११२ ला फोन लावला तर त्या फोनचीही नोंद राहते.

दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्जही सोबत टाकावा. दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीला तेही लागत नाहीत. त्यात तीनच गोष्टी मागा : ठेकेदाराचा पर्यावरण व्यवस्थापन आराखडा, आतापर्यंत घेतलेल्या आवाजाच्या मोजण्या, आणि रात्रीच्या कामाला दिलेल्या परवानगीची प्रत. उत्तराला तीस दिवसांची मुदत असते. "अशी परवानगी अभिलेखात आढळून येत नाही" एवढे उत्तर आले तरी तो कागद सोन्याचा आहे.

तक्रार केली तर घरच उठवतील?

ही भीती बैठकीत कोणी उघड बोलत नाही, पण सह्या कमी पडतात त्या हिच्यामुळे. अनेक घरे महामार्गाच्या हद्दीला लागून आहेत, काही हद्दीत आहेत, सात-बारा कोणाकडे नाही. भीती खोटी आहे असे मी म्हणणार नाही. पण नियम ७ मध्ये तक्रार करणारा "व्यक्ती" आहे, "मालक" नाही. घटनेचे कलम २१ सुद्धा व्यक्तीलाच जगण्याचा हक्क देते, आणि त्या हक्कात शांततेत राहणेही येते असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २००५ मध्ये ध्वनी प्रदूषणाच्या निकालात सांगितले आहे. आवाजाच्या तक्रारीत जागेचा दाखला जोडायची गरज नसते. तरीही एकट्या घराने पुढे होऊ नये. महिला मंडळ, विहार समिती, शेजारची पक्की कॉलनी, जवळचा दवाखाना, सगळ्यांच्या सह्या एका कागदावर घ्या. जातीने आणि घराने वेगळे असले तरी ब्रेकर सगळ्यांच्याच उशाशी वाजतो. कॉलनीतले निवृत्त गुरुजी अशा वेळी आनंदाने सही करतात.

यंत्रावर बसलेला आपलाच मुलगा

ब्रेकर धरणारा, रोलर चालवणारा, सळ्या कापणारा मजूर पुष्कळदा आपल्याच घरातला असतो. त्याच्या कानाचा हिशेब वेगळा आणि जास्त कडक आहे. ८५ डेसिबलला आठ तास ही सुरक्षित मर्यादा धरतात, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते : ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, १०० ला पंधरा मिनिटे. हातातला ब्रेकर धरणाऱ्याच्या कानाजवळ शंभरीच्या आसपास आवाज असतो. कानातल्या बारीक रोमपेशी एकदा मेल्या की पुन्हा येत नाहीत. पहिली खूण म्हणजे पाळी संपल्यावर कानात शिट्टी वाजणे. दुसरी, बायको-मुलांचे बोलणे ऐकू येते पण शब्द कळत नाहीत. अशा वेळी "मळ साचला असेल" म्हणून काडी घालू नये. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या कान-नाक-घसा विभागात जाऊन ऐकण्याची तपासणी करावी. ठेकेदाराकडून इअरमफ मागून घ्यावा, तो त्याचा उपकार नाही. वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केले असेल तर इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नाव नोंदवून घ्यावे.

अर्जाचा निकाल लागेपर्यंत घरात

झोपायची जागा महामार्गाच्या विरुद्ध भिंतीला न्या. कपाट, धान्याची कोठी, पुस्तकांची मांडणी रस्त्याकडच्या भिंतीला लावा. जड वस्तू थोडा आवाज अडवतात. खिडकीला गोधडी टांगल्याने फारसे काही होत नाही, उलट हवा बंद होते. पंख्याचा एकसारखा आवाज मात्र मदत करतो, तुटक आवाज त्यात काही प्रमाणात बुडतात.

कानात कापसाचा बोळा घातल्याने जेमतेम फरक पडतो. औषधाच्या दुकानात फोमचे बोळे मिळतात. ते बोटाने बारीक वळून कानात धरले की फुगतात आणि नीट बसले तर वीस डेसिबलच्या वर आवाज कमी करतात. लहान मुलांना ते घालू नयेत, गिळण्याचा धोका असतो. कान वाहत असेल तर कोणीच घालू नयेत. घरातल्या एका मोठ्या माणसाने कान मोकळे ठेवावेत, रात्री बाळ रडले किंवा कोणी दार वाजवले तर ऐकू आले पाहिजे.

झोप मिळत नाही म्हणून मेडिकलवरून झोपेची गोळी आणू नका. दारूने डोळा लागतो हे खरे, पण ती झोप तुटक असते आणि पहाटे मोडते. संध्याकाळी पाचनंतर चहा टाळा. रात्र मोडली असेल तर दुपारी वीस-पंचवीस मिनिटे पडा. त्यापेक्षा जास्त झोपलात तर पुढची रात्रही जाते. रिक्षा, ट्रक, मोटारसायकल चालवणाऱ्याने तीन-चार रात्री मोडल्यावर लांबचा फेरा घेऊ नये, झापड एका क्षणाची असते. एमआयडीसीत रात्रपाळी करणाऱ्याला दिवसा झोपावे लागते. त्याच्यासाठी आवाजाचा कोणताच नियम पुरेसा नाही, पण निदान घरातल्यांनी टीव्हीचा आवाज खाली ठेवावा.

रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या रुग्णांनी अशा काळात गोळी चुकवू नये, आणि दर पंधरा दिवसांनी आरोग्य केंद्रात दाब मोजून घ्यावा. मोजलेला आकडा तारखेसह आवाजाच्या वहीतच मागच्या पानांवर लिहा. डॉक्टरांना तो हवाच असतो, आणि जिल्हाधिकाऱ्यांसमोर सुनावणी लागली तर तिथेही तो दाखवता येतो. घराला धक्के बसत असतील तर भिंतीवरच्या तड्यांचे फोटो आजच काढून ठेवा, शेजारी पट्टी किंवा नाणे धरून. रोलर येऊन गेल्यावर काढलेल्या फोटोंची तुलना मग याच फोटोंशी करता येईल.